वादविवादाचा एक पाठ : आगगाडीतील सायकल आणि विमा
(इयत्ता सहावी व सातवीच्या शिक्षकांसाठी)

पाठाचे प्रयोजन

प्राथमिक शाळांतून वादविवादाचा कार्यक्रम होतो तो बहुधा वार्षिक संमेलनाच्या निमित्ताने. विषय ठरलेले असतात : ‘विज्ञान शाप की वरदान’, ‘शहर बरे की खेडे बरे’. भाषणे शिक्षकांनी लिहून दिलेली असतात, मुलांनी ती तोंडपाठ केलेली असतात आणि एका बाजूचे बोलणे दुसरी बाजू ऐकत आहे की नाही याची कोणी चौकशी करीत नाही. अशा कार्यक्रमातून धिटाई येते, उच्चार सुधारतात. हा लाभ काही लहान नव्हे. परंतु त्याला वादविवाद म्हणता येत नाही. दुसऱ्याचे म्हणणे समजून घेऊन त्याला आधारासह उत्तर देणे आणि प्रसंगी आपले मत बदलणे, हा वादविवादाचा गाभा होय. तो पाठांतराने साधत नाही. त्यासाठी विषय असा हवा की ज्याची माहिती मुलांना थोडी आहे, थोडी मिळवावी लागते, आणि ज्याचा निकाल आधीच लागून गेलेला नाही.

असा एक विषय येथे घेतला आहे. ठराव असा : ‘आगगाडीने सायकल नेणाऱ्या प्रत्येक सायकलस्वारास विमा सक्तीचा असावा.’ सायकल मुलांच्या घरची आहे. आगगाडी त्यांनी पाहिलेली आहे. विमा हा शब्द त्यांच्या कानांवरून गेलेला आहे. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे मात्र नीट विचार केल्यावाचून बोलता येत नाही. भाषा, नागरिकशास्त्र आणि गणित या तिन्ही विषयांचा मेळ या पाठात सहज बसतो.

शिक्षकाची पूर्वतयारी : प्रश्नाची फोड

वादात गोंधळ माजतो त्याचे पहिले कारण म्हणजे एकाच शब्दाखाली अनेक प्रश्न दडलेले असतात. ‘विमा’ हा असाच शब्द आहे. शिक्षकाने फळ्यावर तीन रकाने आखावेत. पहिला रकाना : सायकलीचे नुकसान झाले तर. दुसरा रकाना : सायकलस्वारालाच इजा झाली तर. तिसरा रकाना : सायकलस्वाराकडून दुसऱ्या कोणाला इजा झाली तर. या तीन जोखमी निरनिराळ्या आहेत, त्यांचे विमे निरनिराळे आहेत आणि त्यांविषयीचे कायदेही निरनिराळे आहेत. ठरावाच्या बाजूने बोलणारा तिसऱ्या रकान्याविषयी बोलतो, विरोधी बोलणारा पहिल्याविषयी बोलतो, आणि दोघेही आपण जिंकलो असे समजतात. हा प्रकार मोठ्यांच्या सभांतही दिसतो. म्हणून कोणत्या रकान्याविषयी बोलत आहोत हे वक्त्याने आरंभी सांगावे, असा दंडक घालावा.

आता प्रत्येक रकान्यात आपल्या देशाची वस्तुस्थिती भरावयाची.

पहिला रकाना. भारतीय रेल्वेवर प्रवाशाला काही ठराविक वजनापर्यंत सामान विनाशुल्क नेता येते. परंतु सायकल व स्कूटर यांना ही सवलत नाही. सायकल सामानघरात नोंदवावी लागते, तिचा आकार भरावा लागतो आणि ती गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून जाते. नोंदणीसाठी गाडी सुटण्यापूर्वी किमान ३० मिनिटे अगोदर सामान घेऊन हजर राहावे, असा नियम आहे. नोंदणी झाली की पावती मिळते. या पावतीचे मोल मुलांना समजावून देणे हा पाठाचा एक महत्त्वाचा भाग आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ याच्या कलम १०० अन्वये, रेल्वेच्या सेवकाने सामान नोंदवून घेऊन पावती दिलेली असल्याखेरीज त्या सामानाच्या हानीची जबाबदारी रेल्वेवर येत नाही.

पावती असली तरी भरपाईला मर्यादा आहे. नोंदणीच्या वेळी सामानाची किंमत जाहीर करून तिच्यावरील ठराविक टक्केवारीचा जादा आकार भरला नसेल, तर भरपाई वजनावर ठरते. १९९० च्या नियमांनुसार प्रवाशाच्या सामानासाठी ही मर्यादा किलोस १०० रुपये आहे. येथे गणिताचा तास आपोआप सुरू होतो. समजा, सायकल ५,५०० रुपयांची आहे आणि तिचे वजन १८ किलो आहे. ती हरवली तर अधिकांत अधिक १,८०० रुपये मिळतील. उरलेल्या ३,७०० रुपयांचे काय? किंमत जाहीर करून आकार भरला असता तर हा खड्डा भरून निघण्याचा मार्ग मोकळा राहिला असता. हा जादा आकार म्हणजे एक प्रकारे विम्याचाच हप्ता होय, हे मुलांना येथेच दाखवून द्यावे.

आणखी एक गोष्ट. नुकसानभरपाईची मागणी लेखी करावी लागते आणि ती सामान रेल्वेच्या स्वाधीन केल्याच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत करावी लागते. हे कलम १०६ मध्ये सांगितले आहे. मुदतीचे हे कलम मुलांना वहीत लिहून घ्यावयास लावावे. त्याचा उपयोग पुढे एका वर्गात कसा झाला हे यथाक्रम येईलच.

दुसरा रकाना. प्रवाशाला गाडीच्या अपघातात मृत्यू आला किंवा इजा झाली, तर त्याच कायद्यान्वये भरपाई मिळते. मृत्यूसाठी ही रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ४ लाखांवरून ८ लाख रुपये करण्यात आली. याशिवाय रेल्वेच्या संकेतस्थळावरून तिकीट काढणाऱ्यास सप्टेंबर २०१६ पासून ऐच्छिक प्रवास-विम्याची सोय आहे. त्याचा हप्ता एक रुपयाहूनही कमी असून मृत्यूसाठी १० लाख रुपयांची तरतूद आहे. खिडकीवर तिकीट काढणाऱ्यास मात्र हा विमा मिळत नाही. ‘ऐच्छिक’ आणि ‘सक्तीचा’ या दोन शब्दांतील भेद येथे स्पष्ट करावा, कारण आपला ठराव त्या एका शब्दावरच उभा आहे.

तिसरा रकाना. मोटारवाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १४६ अन्वये मोटारगाडी व मोटारसायकल रस्त्यावर आणणाऱ्यास त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा सक्तीचा आहे. पायांनी चालवावयाची सायकल मोटारवाहन नव्हे. म्हणून तिला ही सक्ती लागू नाही. घरगुती विम्याच्या कित्येक पॉलिसींत सायकलीसाठी स्वतंत्र विभाग असतो, परंतु तो घ्यावा की न घ्यावा हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे.

परदेशांतील दोन दाखले

या प्रश्नावर दोन देशांनी परस्परविरुद्ध दिशांनी पावले टाकलेली आहेत. दोन्ही पक्षांना एकेक भक्कम आधार मिळावा म्हणून ते दाखले वर्गास सांगावेत.

पहिला दाखला जपानचा. तेथे सायकल आगगाडीत नेण्याची रीत फार लोकप्रिय असून तिला ‘रिंको’ म्हणतात. सायकलीची चाके काढून किंवा तिची घडी घालून ती एका पिशवीत पूर्ण झाकून घ्यावयाची आणि मग डब्यात चढावयाचे, असा तेथला नियम आहे. याच देशात कोबे शहरी २००८ साली ११ वर्षांच्या एका मुलाच्या सायकलीची धडक बसून पायी चालणारी एक स्त्री कायमची बेशुद्धावस्थेत गेली. २०१३ साली तेथील जिल्हा न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे ९ कोटी ५० लाख येन भरपाई देण्याचा आदेश दिला. एवढी रक्कम सामान्य कुटुंब आयुष्यभरात देऊ शकत नाही; म्हणजे जखमी स्त्रीचे कुटुंब आणि मुलाचे कुटुंब अशी दोन्ही घरे उघडी पडतात. या निकालानंतर कोबे ज्या ह्योगो प्रांतात आहे त्या प्रांताने २०१५ साली सायकलस्वारांस विमा बंधनकारक केला. तोक्यो महानगराने एप्रिल २०२० पासून तसेच केले. विमा न उतरविणाऱ्यास शिक्षा मात्र सामान्यतः ठेवलेली नाही.

दुसरा दाखला स्वित्झर्लंडचा. तेथे सायकलीवर दरवर्षी एक छोटी चिकटपट्टी लावावी लागे. ती विकत घेतली की त्रयस्थाच्या हानीचा विमा आपोआप उतरविला जाई. पुढे बहुतेक कुटुंबांजवळ या जोखमीचा अंतर्भाव असलेला दुसरा विमा असतोच, असे दिसून आले; एकाच जोखमीसाठी दोनदा पैसे कशाला, असा विचार झाला आणि ही पद्धत बंद करण्यात आली. शेवटच्या पट्ट्यांची मुदत ३१ मे २०१२ रोजी संपली.

एका देशाने सक्ती आणली, दुसऱ्याने उठविली. दोहोंनीही विचारपूर्वकच तसे केले. तेव्हा ‘परदेशात असे आहे म्हणून आपल्याकडेही असावे’ एवढाच युक्तिवाद पुरेसा नाही, हे मुलांच्या ध्यानात येते.

वादाचे नियम

वादाचे नियम आपल्याकडे परकीयांनी आणले असा एक समज आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य कळावे म्हणून होते तो वाद; जिंकण्यासाठी होतो तो जल्प; आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. ‘वितंडवाद’ हा मराठी शब्द तेथूनच आला. शब्दाचा अर्थ मुद्दाम फिरविणे याला तेथे वाक्छल म्हटले आहे. ‘याच्याजवळ नव कंबल आहे’ असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने ‘नऊ कोठे आहेत, एकच तर दिसते’ असे म्हणून त्याला हसावे, हे त्याचे जुने उदाहरण. ‘नव’ म्हणजे नवे आणि ‘नव’ म्हणजे नऊ, हे मुलांना चटकन कळते आणि हा दोष ती पुढे एकमेकांच्या बोलण्यात शोधू लागतात.

विधान कसे सिद्ध करावे याच्याही पाच पायऱ्या तेथे आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. आपल्या विषयातील एक विधान त्या पायऱ्यांवर चढवून दाखवावे. सायकलीची पावती जपली पाहिजे, ही प्रतिज्ञा. कारण पावतीवाचून रेल्वेवर जबाबदारी येत नाही, हा हेतू. पेटी असो वा गाठोडे असो, नोंदणीची पावती नसलेल्या सामानाची भरपाई मागता येत नाही, हे उदाहरण. सायकल हेही तसेच सामान आहे, हा उपनय. म्हणून सायकलीची पावती जपली पाहिजे, हे निगमन. सहावीच्या मुलांना संज्ञा पाठ करावयास लावू नयेत. पायऱ्या मात्र फळ्यावर ठेवाव्यात.

वर्गासाठी पुढील सात नियम पुरेसे आहेत.

१. पक्ष चिठ्ठ्यांनी ठरावेत. आपले खासगी मत कोणते हे वक्त्याला विचारू नये.

२. वक्त्याने अध्यक्षांस उद्देशून बोलावे. प्रतिपक्षाच्या माणसाविषयी नव्हे, मुद्द्याविषयी बोलावे.

३. आपण कोणत्या रकान्याविषयी बोलत आहोत ते आरंभी सांगावे.

४. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगितल्यावाचून त्याचे खंडन करू नये. आणि ते बरोबर सांगितले अशी त्या वक्त्याने मान डोलावली पाहिजे.

५. कायदा, आकडा किंवा घटना सांगितल्यास ती कोठून कळली हे विचारण्याचा श्रोत्यांना अधिकार आहे. ठाऊक नसल्यास ‘ठाऊक नाही’ म्हणावे. त्यात कमीपणा मानू नये.

६. ठराव मांडणाऱ्यास शेवटी उत्तर देण्याचा हक्क आहे. परंतु त्या भाषणात नवा मुद्दा आणू नये.

७. अध्यक्षाने मत देऊ नये. मते समसमान पडली तरच त्याने निर्णायक मत द्यावे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १०० मध्ये संसदेच्या सभागृहांसाठी हीच रीत घालून दिलेली आहे.

यांपैकी चौथा नियम सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचा आहे. पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून उत्तरपक्ष नाही, ही आपल्या शास्त्रग्रंथांची शिस्त. तीच येथे मुलांच्या हाती द्यावयाची आहे.

वेळेची वाटणी

या पाठास ३५ मिनिटांच्या दोन सलग तासिका घ्याव्यात. ठराव व तीन रकाने समजावून देणे, १० मिनिटे. गटांत तयारी, १५ मिनिटे. प्रत्येक पक्षाचे तीन वक्ते, प्रत्येकी ३ मिनिटे, एकूण १८ मिनिटे. श्रोत्यांचे प्रश्न, १० मिनिटे. दोन्ही पक्षांची उत्तराची भाषणे, प्रत्येकी ३ मिनिटे, एकूण ६ मिनिटे. मतदान व परीक्षण, ११ मिनिटे. मतदान दोनदा घ्यावे : एकदा आरंभी आणि एकदा अखेरीस, दोन्ही वेळा चिठ्ठ्या घालून. कोणत्या बाजूस अधिक मते पडली यापेक्षा किती मुलांनी मत बदलले आणि का बदलले, याला महत्त्व द्यावे.

एका वर्गातील प्रसंग

रेल्वेमार्गालगतच्या एका गावात सातवीच्या वर्गात हा पाठ झाला. महिना सप्टेंबरचा होता. वर्गात एक अबोल मुलगा होता. त्याचे वडील कामासाठी शहरात जात आणि जाताना सायकल आगगाडीने नेत, कारण तेथे त्यांचे घरोघर माल पोहोचविण्याचे काम सायकलीवरच चाले. त्या जूनमध्ये त्यांची सायकल उतरवून घेतली तेव्हा पुढचे चाक वाकलेले आणि चिमटा मोडलेला होता. पावती सदऱ्याच्या खिशात होती. वाटेत पावसाने ती भिजली आणि अक्षरे फुटली. कशाच्या आधारे काय मागावे हे त्यांना उमगेना. दुरुस्तीचे पैसे जमेपर्यंत त्यांनी पायी माल पोहोचविला आणि त्या काळात घरी पैसे आले नाहीत. शाळेत यातले काहीच ठाऊक नव्हते.

चिठ्ठ्या उचलल्या तेव्हा हा मुलगा ठरावाविरुद्धच्या पक्षात आला. त्याची पाळी आल्यावर तो पहिल्या रकान्याविषयी बोलतो आहे असे म्हणाला आणि मग वडिलांची हकीकत सांगून त्याने विचारले, “तिकिटाचे पैसे भरले, सायकलीचे भरले, आता विम्याचे तिसऱ्यांदा कोठून भरावयाचे?”

त्याच्यानंतर अनुकूल पक्षाचा एक हुशार मुलगा उठला आणि म्हणाला, “अध्यक्ष महाराज, ज्याला पावती सांभाळता येत नाही त्याने सायकल न्यावीच कशाला?” वर्ग हसला. तो अबोल मुलगा खाली पाहू लागला.

शिक्षक अध्यक्षस्थानी होते. ते रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावरील दुसऱ्या नियमावर बोट ठेवले, मग चौथ्या नियमावर, आणि त्या हुशार मुलास सांगितले, “आधीच्या वक्त्याचे म्हणणे तुझ्या शब्दांत सांग. त्याने मान डोलावली की पुढे बोल.”

मुलगा म्हणाला, “त्याच्या वडिलांनी पावती खराब केली.” अबोल मुलाने मान हलविली : नाही. वर्ग शांत झाला. मुलाने पुन्हा विचार केला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “त्याच्या वडिलांनी दोनदा पैसे भरले होते. तिसऱ्यांदा भरण्याइतके त्यांच्याजवळ नव्हते. आणि पावती भिजली ती पावसाने. त्यांनी टाकून दिली नव्हती.” अबोल मुलाने मान डोलावली.

“आता बोल,” शिक्षक म्हणाले.

तो मुलगा बोलला ते त्याने तयार करून आणलेले नव्हते. तो म्हणाला, “पाऊस कोणावर पडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच विमा पाहिजे. सर्वांनी थोडे थोडे भरले तर ज्याच्यावर पडेल त्याला मिळेल. ज्याला वाटेल त्याने भरावे असे म्हटले तर फार थोडे भरतील आणि हप्ता वाढेल.” विम्याचे सारे तत्त्व या तीन वाक्यांत आलेले होते. शिक्षकांनी तेवढ्यावर न थांबता फळ्यावर हिशेब मांडला : २०० सायकलस्वार, प्रत्येकाची सायकल ६,००० रुपयांची, वर्षात ३ सायकली पार मोडल्या असे धरू. नुकसान १८,००० रुपये. वाटणी माणशी ९० रुपये. वर व्यवस्थेचा खर्च. भरणारे २०० आहेत तोवर एखाद्या वर्षी ५ सायकली मोडल्या तरी माणशी १५० रुपये पडतील. भरणारे २० च उरले आणि त्यांतल्या एकाचीच सायकल मोडली, तर माणशी ३०० रुपये पडतील.

ठरावाविरुद्धच्या एका मुलीने यावर प्रश्न विचारला : “९० रुपये सर्वांना सारखेच. पण ज्याची सायकल हौसेची आहे आणि ज्याची पोटासाठी आहे, त्यांना ते सारखे जड जातील काय?” या प्रश्नाला अनुकूल पक्षाजवळ उत्तर नव्हते, आणि पाचव्या नियमास अनुसरून त्यांनी तसे कबूल केले.

अखेरच्या भाषणात अबोल मुलगा पुन्हा उभा राहिला. तो म्हणाला, “विमा चांगला आहे हे मला पटले. पण किंमत जाहीर करून जादा आकार भरण्याची सोय आजही आहे आणि ती माझ्या वडिलांना कोणी सांगितली नव्हती. आधी सांगावे, सक्ती नंतर.” ठरावाविरुद्ध दोन मते अधिक पडली. सात मुलांनी मत बदलले होते. त्यांतले चार एका दिशेने, तीन दुसऱ्या दिशेने.

पाठ येथे संपला असता. परंतु एका मुलीने वहीतील कलम १०६ पाहिले आणि बोटांवर महिने मोजले. जूनपासून सप्टेंबर, सहा महिने झालेले नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलाने भिजलेली पावती आणली. अक्षरे बरीच गेली होती. क्रमांक व तारीख उजेडात धरल्यावर वाचता येत होती. अर्ज वडिलांनी सांगितला, मुलाने लिहिला आणि शुद्धलेखन त्याच हुशार मुलाने तपासले. अर्ज मुदतीत गेला. त्याचे पुढे काय होईल हे वर्गाला सांगता येण्याजोगे नव्हते, आणि शिक्षकांनीही खोटी आशा दाखविली नाही.

परीक्षण

गुण द्यावयाचे झाल्यास ते असे द्यावेत : प्रतिपक्षाचे म्हणणे यथार्थ सांगणे, ४, विधानास आधार देणे, ३, भाषेची शुद्धता व स्पष्टता, २, वेळेचे पालन, १. आवेश, हातवारे व आवाज यांस स्वतंत्र गुण ठेवू नयेत. ज्या गोष्टीला गुण मिळतात ती गोष्ट मुले शिकतात, हा अनुभव सर्व शिक्षकांचा आहे.

परीक्षणात शिक्षकाने पुढील दोषांकडे लक्ष वेधावे. एक, एकाच घटनेवरून सर्वसाधारण सिद्धांत काढणे. कोबे येथील निकाल मोठा आहे. पण असे प्रसंग किती वेळा घडतात हे विचारल्यावाचून त्यावर कायदा उभारता येत नाही. दोन, ‘चांगले’ आणि ‘सक्तीचे’ या दोहोंत गल्लत करणे. तीन, माणसावर बोलून मुद्दा टाळणे.

स्वाध्याय

१. आपल्या जवळच्या रेल्वे स्थानकावरील सामानघरात मोठ्या माणसांबरोबर जाऊन सायकल नोंदविण्याची रीत पाहावी व दहा वाक्यांत लिहावी.

२. एका सायकलीची किंमत ७,२०० रुपये व वजन १६ किलो आहे. किंमत जाहीर केलेली नसल्यास भरपाईची कमाल मर्यादा किती? मालकास किती रुपयांचा तोटा सोसावा लागेल?

३. पंढरपूरला सायकलीने जाऊन आगगाडीने परतणाऱ्या एका प्रवाशास सूचनापत्र लिहावे. त्यात सायकलीची बांधणी, नाव व पत्ता लिहिणे, वेळेवर पोहोचणे, किंमत जाहीर करणे, पावतीचा क्रमांक व तारीख वहीत टिपून पावती मेणकापडात ठेवणे, या गोष्टी याव्यात.

४. आरंभी आपण दिलेल्या मताच्या विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा पाच वाक्यांत मांडावा.

चौथा प्रश्न कोणाही विद्यार्थ्यास सोडू देऊ नये. त्याचे उत्तर ज्याला प्रामाणिकपणे लिहिता आले, त्याला हा पाठ समजला असे धरावे.